नंबरबाईंची खुर्ची

आमच्या ताईच्या खोलीत खुर्च्या तीन आहेत, पण बसायचं ते दोनच खुर्च्यांवर. तिसरी खिडकीशी असते. शाळेतली, लाकडी, फळीला मधोमध चीर गेलेली. नवखा माणूस नेमका तिच्याकडेच वळतो, कारण उजेड तिथे चांगला येतो. मग ताई लगबगीने उठते, त्याला हाताला धरून वळवते आणि म्हणते, "इकडे बसा, ती चिमटे काढते." चिमटे काढते हे खरंच आहे. पण पाहुण्याला चिमटा बसेल म्हणून ताई उठत नाही. तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं, म्हणून उठते. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं की म्हणायची, "दुसऱ्यांची पोरं मार्गी लावता लावता राहून गेलं." ती वर राहते, मी खाली. खाली माझं लाँड्रीचं दुकान, दुकानामागे आमचं बिऱ्हाड, आणि दुकानातूनच वर जाणारा एक अरुंद जिना. माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तेव्हा इथेही मी गुळमुळीत बोलेन अशी अपेक्षा नको. ताईवर माझा जीव आहे आणि ताईवर माझा रागही आहे. दोन्ही सांगणार आहे.

ती हायस्कूलमध्ये नोकरीला होती. व्हरांड्याच्या टोकाला, खेळाच्या सामानाच्या खोलीशेजारी तिची खोली, दारावर 'मार्गदर्शन' अशी पाटी. काम एकच. शेवटच्या वर्षातल्या पोरापोरींनी एकेक करून यायचं आणि ताईने सांगायचं, कुठल्या कॉलेजात नंबर लागेल. शाळेत तिला नंबरबाई म्हणायचे. आधी पोरं पाठीमागे म्हणायची, मग शिक्षक म्हणायला लागले, आणि शेवटी तर पोस्टमनसुद्धा दुकानात येऊन विचारायचा, "नंबरबाई वर आहेत का?"

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे प्रवेशाची रीत अशी, की पहिली पसंती म्हणून एकाच कॉलेजचं नाव द्यायचं. चांगली कॉलेजं दोन, एक टेकडीवरचं आणि एक स्टँडमागचं. टेकडीवरच्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. स्टँडमागचंही काही वाईट नाही. पण टेकडीचं नाव दिलं आणि नंबर लागला नाही, तर स्टँडमागचंही हातचं जातं, कारण तिथल्या जागा तोवर त्यालाच पहिली पसंती देणाऱ्यांनी भरलेल्या असतात. मग उरलंसुरलं पदरात घ्यायचं; कुठलं तरी लांबचं गाव, कुठला तरी विषय. आणि नाव द्यायचं ते शेवटच्या परीक्षेच्या आधी, हातात मार्क नसताना. म्हणजे सगळा कारभार अंदाजाचा. आणि अंदाजात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पोराला ती समोरच्या लाकडी खुर्चीवर बसवायची. आधीच्या परीक्षांचे मार्क विचारायची, ते तिला बहुतेक पाठच असायचे. मग खिडकीबाहेर बघत विचारायची, "सगळ्यात वाईट पेपर कोणता गेला? आणि तो देऊन घरी गेल्यावर काय केलंस?" कुणी म्हणायचं रडले, कुणी म्हणायचं जेवून झोपलो, कुणी खोटंच सांगायचं की दुसऱ्या दिवशीच्या पेपराचा अभ्यास केला. उत्तरातून ती काय काढायची ते तिचं तिला ठाऊक. मग दोनपैकी एक बोलायची. "लागेल." किंवा, "नको टाकूस." 'बघू' नाही, 'प्रयत्न करून बघ' नाही. 'लागेल' म्हटलं की पोरगं व्हरांड्यातून उड्या मारत जायचं. 'नको टाकूस' म्हटलं की मुकाट्याने स्टँडमागचं नाव देऊन टाकायचं. वाद घालायची कुणाची टाप नव्हती, कारण नंबरबाईंचा 'लागेल' कधी खोटा ठरला असं कुणाला आठवत नव्हतं.

मला तर केवढा अभिमान! गिऱ्हाईक कोट घ्यायला आलं की कोटाच्या आधी त्याला ताईची गोष्ट मिळायची. "आमच्या ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणत मी इस्त्री फिरवायची.

माझ्या मुली दोन, आणि दोघींच्यात अंतर बरंच. थोरली लहानपणी दुकानातच वाढली. कपडे गुंडाळायला आम्ही जाड तपकिरी कागद वापरायचो, त्याच्यावर ती घरं काढायची. नुसती चौकोनावर त्रिकोण ठेवलेली घरं नाहीत. आत जिना कुठून जाईल, खिडकी उघडली की दाराला आपटेल का, मोरीचं पाणी कुठून बाहेर पडेल, असं सगळं. एकदा एका वकिलाचा कोट अशा घरात गुंडाळून गेला तर त्याने कागद परत आणून दिला, म्हणाला, "हे फेकवेना." तिला टेकडीवर जाऊन इमारतींचंच शिकायचं होतं.

तिची वेळ आली तेव्हा ताईने तिला घरी नाही विचारलं. शाळेतच, सगळ्यांसारखं, पाटीमागच्या खोलीत. थोरली घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी म्हणाली, नको टाकूस." मी म्हटलं, "मग नको टाकूस." संपलं. ती स्टँडमागे गेली, हिशेबाचं शिकली, आणि आता बस डेपोत हिशेबाच्या टेबलावर आहे. नीटनेटकी, शांत, वेळेवर जाते, वेळेवर येते. कागदावर घरं काढणं तिने बंद केलं. मला वाटलं, मोठी झाली.

वर्षानुवर्षं मी हेच सांगत आले. ताईने माझ्या लेकीला वाचवलं, नाहीतर पोर कुठे तरी उरल्यासुरल्यात जाऊन पडली असती.

ताई निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "घड्याळ नको, माझ्या समोरची खुर्ची द्या." मुख्याध्यापकांना वाटलं थट्टा करतेय. पण हातगाडीवर ती मोडकी खुर्ची घेऊन बाई आपल्या दारात हजर. मी म्हटलं, "अगं, नवी मिळाली असती की!" ती म्हणाली, "नवी कशाला? नवीवर कोण बसलंय?"

त्यानंतर ती बदलली. पोरांचे आईबाप घरी यायला लागले होते, माझा धंदाही त्यांच्यामुळे बरा चालायचा, पण ताईने साफ सांगितलं, आता अंदाज सांगणार नाही. कानाला खडा. बरं, सुखाने घरी बसावं तर तेही नाही. बाहेर गेली की काहीतरी बिनसून यायची. एकदा मी तिच्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथली मदतनीस बाई हातमोजे काढून धावत पुढे आली. "बाई, ओळखलंत का? तुम्ही मला टेकडीचं टाकू दिलं नाहीत! किती बरं झालं, नाहीतर माझं काय झालं असतं!" ताई हसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर बघते तर हिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं दाढ दुखतेय. दाढ काढायची तर अजून बाकीच होती; तशीच, न काढता, घरी आली.

पुढे माझ्या लक्षात यायला लागलं. औषधाच्या दुकानातला, बसचा कंडक्टर, बँकेतली कॅशियर. कुणी आभार मानले की हिचं तोंड उतरायचं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या तिने, पण आभार सोसायचे नाहीत. आभार मानणारा माणूस भेटला की त्या दिवशी ती वर जाऊन खिडकीशी बसायची, आपल्या खुर्चीवर, त्या दुसऱ्या खुर्चीसमोर.

मग ती दुपार आली. ताई माझ्यासमोर उभी राहून शर्टांच्या कॉलरना खुणेच्या कापडी पट्ट्या टाचत होती. दुकानात आम्ही दोघीच. आमचे हे गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला गेलेले, मुली बाहेर. आणि वर खुर्ची सरकली. लाकडी खुर्ची फरशीवरून ओढली की जसा आवाज येतो तसा, लांबलचक, आणि मग कुणी बसल्यावर फळी करकरते तसा. मी म्हटलं, "ताई, वर कोण आहे?"

तिने मानही वर केली नाही. सुई कापडातून काढली आणि म्हणाली, "शाळा सुटली असेल."

मी हातात कपडे अडकवायची दांडी घेऊन वर गेले. दार बाहेरून लावलेलं होतं. आत कुणी नाही. लाकडी खुर्ची खिडकीपासून थोडी आत आलेली होती, ताईच्या खुर्चीच्या समोर. मी मांजराच्या नावाने दोन शिव्या घातल्या आणि खाली आले. आमच्या गल्लीत मांजर नाही. ते माझ्या जिन्यावरच लक्षात आलं होतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं ना!

त्यानंतर मी कान देऊन ऐकायला लागले. दुपार कलली की वरून ताईचा आवाज यायचा, हळू, समजावल्यासारखा. "बस. वाईट पेपर कोणता गेला?" मग बराच वेळ काही नाही. मी जिन्याच्या तळाशी उभी राहायची, वर जायचा धीर व्हायचा नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एकटी असते, बोलत असेल." पुरुषांचं असंच.

अशात धाकटीची वेळ आली. धाकटी म्हणजे माझं तोंड आणि वर तिचं स्वतःचं. घरात आली की आवाज आधी येतो, ती मागून. तिला टेकडीच हवी होती, झाडाझुडपांचं शिकायला. मार्क कधी वर, कधी खाली, नेमके काठावरचे. माझा जीव टांगणीला. मी ताईला म्हटलं, "बाकीच्या जगाला नको सांगूस. घरच्या पोरीला तरी सांग."

"नाही."

"तिचं वर्ष वाया गेलं तर? उरल्यासुरल्यात गेली तर?"

"मी सांगणार नाही."

तीनचार वेळा असं झालं. शेवटी माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी धाकटीला दंडाला धरून वर नेलं आणि थेट त्या खिडकीशी असलेल्या खुर्चीवर बसवलं. "घे, बसली. विचार तुझा प्रश्न."

ताई किंचाळली. आयुष्यात मी तिला किंचाळताना ऐकलं नव्हतं. "उठ! उठ तिथून! तिथे ती बसलीये!"

धाकटी टुणकन उठली. एरवी कुणाला न बधणारी पोर, माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "कोण ती? ताई, कोण बसलंय तिथे?"

ताई माझ्याकडे बघेना. खुर्चीकडेच बघत म्हणाली, "तुझी थोरली."

मला हसू आलं, भीतीने येतं तसलं. "थोरली डेपोत आहे. जिवंत आहे. सकाळी डबा घेऊन गेली!"

"ती गेली ती वेगळी," ताई म्हणाली. "ही टेकडीवर जायची होती."

मग तिने सांगितलं. बसून, हात मांडीवर ठेवून, पोरं तिला सांगायची तसं. नोकरीच्या सुरुवातीला तिने एका बेकरीवाल्याच्या मुलाला 'लागेल' म्हणून सांगितलं होतं. तो एकच अंदाज चुकला. मुलगा उरल्यासुरल्यात गेला, अर्ध्यात सोडून आला. बेकरीवाला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, हातांना पीठ तसंच. भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाला होतात." त्या दिवसापासून ताईने माया ठेवायला सुरुवात केली. शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो ना, ती माया, तशी. मनातून वाटायचं लागेल, पण अगदी काठावर आहे, तर म्हणायचं, नको टाकूस. म्हणजे पुन्हा कुणी फाटकाशी येऊन उभं राहणार नाही.

"'लागेल' म्हटलं की परीक्षा माझी असते," ताई म्हणाली. "'नको टाकूस' म्हटलं की माझी परीक्षाच नाही. जे गेलेच नाहीत, त्यांचा नंबर लागला नाही असं कोण म्हणणार, आणि लागला असता असं तरी कोण म्हणणार? माझं नाव होत गेलं. पण मी दरवर्षी टेकडीवर जाऊन बघायचे. कटऑफ लावतात ना, काचेच्या फलकात. बघायचे, आणि पोरांचे मार्क मला पाठ असायचे. दरवर्षी त्या कापडात कुणी ना कुणी सापडायचंच."

"थोरली?" मी म्हटलं.

"लागला असता. नुसता लागला नसता, वर मार्क उरले असते."

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. मला तिला मारावंसं वाटलं. माझ्या मोठ्या बहिणीला, जिने मला बोट धरून शाळेत नेलं, तिला. मी म्हटलं, "घरच्या पोरीला तरी खरं सांगायचंस!"

"घरची म्हणूनच," ती म्हणाली. "परक्या पोरीला ठेवायचे त्याहून जास्त माया ठेवली तिला. चुकलं असतं तर तू उभी राहिली असतीस फाटकाशी." मग पुढे म्हणाली, "आणि ती होती तिथे. फलकापाशी. मी गेले तेव्हा ती आधीच उभी होती, काचेवर बोट ठेवून. तिने आकडा वाचला. वळली. मला बघितलं. आणि हसून म्हणाली, बघ मावशी, नसताच लागला. मी म्हटलं, हो ना. दोघी एका बसने घरी आलो."

ती संध्याकाळ मी कशी काढली मला आठवत नाही. एका गिऱ्हाइकाचा रेशमी शर्ट जाळला, एवढं आठवतं. थोरली डेपोतून आली, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले. मी तिला दुकानातच गाठलं. म्हटलं, "तुला माहीत होतं? लागला असता ते?"

तिने टॉवेल दोरीवर नीट पसरला. "हो."

"मग मावशीला खोटं का बोललीस?"

"तू तिचा चेहरा बघितला नाहीस आई," ती म्हणाली. "मी वळायच्या आत तिने वाचला होता आकडा, लांबूनच. तिला बघून मलाच भीती वाटली. म्हटलं, आता आपणच काहीतरी बोलायला हवं."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. घरी आले तर तू कोण्या बाईला सांगत होतीस, मावशीने कसं मला वाचवलं ते. मला बघून म्हणालीस, आलीस का, हात धू आणि कागद कापायला घे."

मग तिने स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. मी गल्ल्यापाशी बसून राहिले. ज्या कागदांवर ती घरं काढायची, तेच मी तिला कापायला लावले होते.

धाकटीचं नाव द्यायचा दिवस आला तेव्हा ती स्वतःहून वर गेली. मी मागोमाग गेले, दाराशी थांबले. धाकटी उभीच राहिली, कुठल्याच खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, "मावशी, माया न ठेवता सांग."

ताईने तिच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग त्या रिकाम्या खुर्चीकडे. मला वाटलं, आता म्हणेल दोनपैकी एक. ताई म्हणाली, "मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. तुला हवं असेल तर टाक."

धाकटीने टेकडीचं नाव दिलं. आणि नंबर लागला नाही. अगदी थोडक्यात हुकला.

काय तमाशा झाला म्हणून सांगू! पोरगी धाडधाड जिना चढून वर गेली आणि त्या चिमटे काढणाऱ्या खुर्चीवर जाऊन आदळली. कुणाला विचारलं नाही, कुणाला घाबरली नाही. भोकाड पसरलं. "तू सांगायला हवं होतंस! तुला सगळं कळतं! तू का नाही मला अडवलंस!" ताईला म्हणायचं नाही ते सगळं म्हणाली. मी थांबवायला पुढे झाले तर ताईने हाताने मला मागे सारलं. ताई समोर बसून ऐकत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण मान खाली नाही. बेकरीवाला न भांडता उभा राहिला होता. ही भांडत होती, ते तिला जास्त सोसवत होतं असं मला वाटलं.

आवाज ऐकून थोरली वर आली. डेपोचा शर्ट अंगात तसाच. ती बहिणीशेजारी जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ताईकडे बघून म्हणाली, "मला लागला असता, मावशी."

किती साधं वाक्य. धाकटीसुद्धा रडायची थांबली.

"हो," ताई म्हणाली. "लागला असता."

मग थोरली रडायला लागली. धाकटीसारखी नाही, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, श्वास सापडत नसल्यासारखी. ती शेवटची कधी रडली होती, मला आठवेना.

धाकटी उरल्यासुरल्यात गेली. लांबच्या गावी, पाणी शुद्ध करण्याचं काहीतरी शिकते. फोनवर तिथल्या जेवणाला शिव्या घालते, शिक्षकांना घालते, मावशीला तर न चुकता घालते, पण रोज कॉलेजला जाते. ताई तिचं सगळं ऐकून घेते आणि फोन ठेवल्यावर हसते. मी अजून ताईला माफ केलेलं नाही. थोरलीसाठी की धाकटीसाठी, असं कुणी विचारलं तर माझं मलाच सांगता येत नाही. जेवायला मात्र तिला रोज हाक मारते.

थोरलीने परवा एका पार्सलच्या कागदावर जिना काढला. नुसता जिना, घर नाही. मी तो पार्सलबरोबर जाऊ दिला नाही, दुसरा कागद लावला.

वरची खुर्ची त्या दिवसापासून गप्प होती. मी मनाशी म्हटलं, सुटलो एकदाचे. ज्या पोरीचं होतं तिने बोलून टाकलं, संपलं. मी वर जाऊन केर काढताना त्या खुर्चीवर दोनदा बसूनही बघितलं. चिमटा बसला, बाकी काही नाही.

काल दुपारी ताई माझ्यासमोर पट्ट्या टाचत होती. हे बाहेर गेलेले. थोरली सुट्टीमुळे तिथेच, दुकानात, माझ्याशेजारी हिशेब बघत बसलेली. आणि वर खुर्ची सरकली. लांबलचक. फळी करकरली.

मी थोरलीच्या हातावर हात ठेवला. हात गरम होता, तिचाच होता. मी ताईकडे बघितलं. म्हटलं, "ही तर इथे आहे. मग वर कोण?"

ताईने सुई सुयांच्या गादीत खोचली, शर्ट बाजूला ठेवला.

"ती दातांच्या डॉक्टरकडची असेल," ती म्हणाली. "किंवा कंडक्टर. कितीतरी होते गं."

आणि पोरगं ताटकळत बसलं असेल अशा घाईने जिना चढू लागली.